निळ्या उजेडाची पेटी

४ जानेवारी, रविवार

लेकीने ही डायरी धाडली. तिच्या ऑफिसात वाटल्या, तिला दोन मिळाल्या. फोनवर म्हणाली, "बाबा, आईला आता वेळ नसणार. दिवसभर तिच्या कानाशी जे बोलता ते यात लिहा." म्हणजे मी कटकट्या. बरं, लिहितो.

मी कवळ्या बनवतो. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाचे साचे येतात, मी त्यावर गुलाबी हिरड्या आणि पांढरे दात बसवून परत पाठवतो. एक खोली आहे, एक टेबल, एक घासायचं यंत्र, आणि तिला मी कारखाना म्हणतो. अर्ध्या गावाचं हसू माझ्या टेबलावरून जातं, असं मी चारचौघांत सांगतो आणि बायको मला कोपराने ढोसते.

बायको कापडाच्या दुकानात काउंटरमागे उभी असायची. मालकाने दुकान बंद केलं तेव्हा ती बरेच दिवस गप्प होती. घरातल्या त्याच चार चादरी उलगडायची, पुन्हा घडी घालायची. मला भीती वाटायला लागली होती. मग एक दिवस नखांचा क्लास लावून आली. म्हणाली, पुढच्या खोलीत नखांना जेल लावून देणार, लोकांच्या. मी हसलो. तिने मला हसू दिलं आणि दुसऱ्या दिवशी माझी आरामखुर्ची उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवली.

आज तिने पहिली बाटली उघडली. मी आतून ओरडलो, "अगं, हा तर माझ्या कारखान्याचा वास!" नातलगच निघाले दोघं, माझं हिरड्यांचं लिक्विड आणि तिचं जेल. ती खूश होती. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं काहीतरी करते आहे. हे चाललं नाही तर ती परत त्या चादरींकडे जाईल, आणि ते मला बघवणार नाही.

११ जानेवारी, रविवार

जेल नखावर लावून हात दिव्याखाली धरायचा, उजेडाने ते कडक होतं. क्लासच्या बाईंनी सांगितलं होतं, ज्या कंपनीचं जेल त्याच कंपनीचा दिवा घ्या. मी म्हटलं, छान! आधी माल विका, मग मालासाठी दिवा विका. उजेडाने कडक होणारं सामान मी उगाच वापरतो का? कारखान्याच्या माळ्यावर निळ्या उजेडाची जुनी पेटी पडून होती, ती घरी आणली.

सबंध दिवस पेटीवर घालवला. नवी वायर, आत चकचकीत पत्रा, हात घालायच्या भोकाला मखमलीची कड, कुणाचं मनगट खरचटू नये म्हणून. ती शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "लग्नातसुद्धा तुम्ही इतके नटला नव्हता, जितकी ही पेटी नटवलीत." पण पेटी लागली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर तो निळा उजेड पडला आणि ती जे हसली, त्याने माझे सगळे कष्ट वसूल झाले.

मग तिने पिशवीतून हातमोजे काढले. ते घालायलाही क्लासमध्ये सांगितलंय म्हणे. मी म्हटलं, "याच जातीचा माल मी तीस वर्षं उघड्या हातांनी कालवतो. झालं काही? बोटांना मालाचा अंदाज यायला हवा, मोज्यातून काय कळणार!" आणि नुकता गाळलेला चहाचा कप मुठीत गच्च धरून दाखवला. लेक लहान असताना या करामतीवर टाळ्या वाजवायची. बायको म्हणाली, "पुरे झाली मर्दुमकी." पण मोजे तिने खिळ्याला अडकवून ठेवले.

२० जानेवारी, मंगळवार

पहिलं गिऱ्हाईक आलं! शेजारच्या इमारतीतल्या, शाळेत कवायत शिकवणाऱ्या बाई. आम्ही त्यांना कवायतबाई म्हणतो. बोलतात तेसुद्धा "सावधान-विश्राम"च्या चालीवर. "हात पुढे! हा रंग! चला!" मी पडद्याआडून बघत होतो. कवायतबाईंनी मला पकडलं. "पडद्यामागे कोण? बाहेर या!" बाहेर आलो. माझ्या पेटीचं कौतुक करवून घेतलं आणि मगच आत गेलो.

३ फेब्रुवारी, मंगळवार

कवायतबाई परत आल्या. एक नख खपलीसारखं निघून आलं होतं, आणि खाली जेल अजून चिकटच होतं. बायको म्हणाली, "माझी चूक, थर जाड झाला." शिकाऊ हात आहे, व्हायचंच. मी तिला थर पातळ कसा द्यावा यावर थोडं मार्गदर्शन केलं. तिने ऐकून घेतलं.

संध्याकाळी घरी येतो तर टेबलावर नवा कोरा दिवा! पांढरा, गुळगुळीत, कंपनीचा. म्हटलं, हे काय? म्हणाली, "दोन बायका एकदम आल्या तर एक पेटी कशी पुरेल?" खरंच आहे. तरी मला ते लागलं. पेटी खिडकीकडे सरकवली होती आणि वर रुमाल घातला होता. चहा न घेता पेपर वाचत बसलो. तिने दोनदा विचारलं, मी दोनदा "नको" म्हटलं, आणि तिसऱ्यांदा तिने विचारलंच नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

मी मूर्ख आहे. उगाच फुगून बसलो होतो.

आज तिने नवी नक्षी सरावासाठी स्वतःच्या नखांवर काढली आणि रुमाल काढून हात घातला तो माझ्या पेटीत! मी विचारलं, "नवा दिवा सोडून इकडे कशी?" म्हणाली, "तो गिऱ्हाइकांसाठी. माझ्यासाठी तुमचीच पेटी." मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी लावली. इतक्या वर्षांच्या संसारात बायको अशी एखादीच गोष्ट बोलते, आणि मग माणूस महिनाभर तिच्यावर जगतो.

आता दर रविवारी हा कार्यक्रम ठरला. ती नवीन नक्षी काढणार, मी पेटीचं बटण दाबणार.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

नखांचं दुकान चाललंय म्हटल्यावर बाईसाहेबांचे थाट वाढलेत. जेवते ती चमच्याने. लिंबू मी पिळायचं, लसूण मी सोलायचा. कपडे धुताना रबरी मोजे. माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण आठवडाभर तसंच आहे. आधी म्हणाली, सुई सापडत नाही, आणि सापडली तेव्हा म्हणाली, दिसत नाही. मी लेकीला म्हटलं, "तुझी आई आता मोठी व्यावसायिक झाली, तिच्या हातांचा विमा काढायला हवा." लेक हसली.

तिचा फोनही बिघडलाय. बोट लावून उघडायचा, आता उघडतच नाही. मी दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेलो. त्याने त्याचं बोट नोंदवून दाखवलं, लगेच उघडला. म्हणाला, "काका, फोन ठणठणीत आहे." मी म्हटलं, असतील काही फोन माणसं ओळखणारे. घरी येऊन सांगितलं तर ती हसलीसुद्धा नाही.

७ मार्च, शनिवार

काहीतरी बिनसलंय. सकाळी तिच्या पापण्या सुजलेल्या होत्या, लाल. रडली असणार. विचारलं तर म्हणे धूळ गेली. दोन्ही डोळ्यांत एकदम?

लेकीला फोन केला. "आई काही बोलली का माझ्याबद्दल?" लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही तिचं कौतुक कधी करता का?" विचार केला. पेटीचं करतो, तिचं करत नाही. मग जेवताना म्हटलं, "तुझं काम फार सुबक आहे. कवळ्यांमध्ये आली असतीस तर माझं काही खरं नव्हतं." ती बघतच राहिली. मग म्हणाली, "ताप आहे का तुम्हाला?" आणि कपाळाला मनगट लावून बघितलं. तळहात लावते नेहमी.

१२ मार्च, गुरुवार

बाजारातून येताना रस्ता ओलांडायला तिचा हात धरला. तिने असा हिसडा दिला की मीच दचकलो. "नको ना," म्हणाली, आणि हात पदराआड घेतला. दिवसभर परक्या बायकांचे हात मांडीवर घेऊन बसते. माझाच हात टोचतो का?

मला राग आलाय की वाईट वाटतंय ते मला नक्की सांगता येत नाही. बहुतेक वाईटच वाटतंय.

१७ मार्च, मंगळवार

आज साचे आले नाहीत म्हणून दुपारीच घरी आलो. पुढच्या खोलीत कुणी नव्हतं. ती स्वयंपाकघरात माझ्या आरामखुर्चीत बसलेली, मांडीवर थंड पाण्याचं पातेलं, दोन्ही हात त्यात बुडवलेले, डोळे मिटलेले. मला बघून हात लपवायला गेली आणि पातेलं कलंडलं.

मी हात ओढून बघितले. बोटांची टोकं सोललेली, भेगा पडलेल्या, भेगांतून रक्त. दोन नखं मुळापासून सुटून वर आलेली. या बोटांनी ती रोज हसून लोकांची नखं रंगवत होती.

मी ओरडलो. ओरडू नये हे कळत होतं, तरी ओरडलो. "कधीपासून? मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "तुम्हाला काही होत नाही ना! मला वाटलं, माझ्याच कातडीचे चोचले. सवय होईल." मग म्हणाली, "आणि सांगितलं असतं तर दुकान बंद करावं लागलं असतं."

फरशीवरचं पाणी मी पुसलं. पुसता पुसता मला तो चमचा आठवला, लिंबू आठवलं, फोन आठवला. मी सगळं लिहून ठेवलं होतं आणि मला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं.

१८ मार्च, बुधवार

त्वचेच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. लेकीच्या वयाची मुलगी, मोठा चष्मा. तिने हात बघितले, पापण्या बघितल्या, आणि दुकानातल्या बाटल्या मागवल्या. सोमवारी पाठीवर छोट्या छोट्या पट्ट्या चिकटवणार, प्रत्येकीत एकेक पदार्थ. जो चावेल तो चोर. तोवर दुकान बंद. दारावर पाटी बायकोने मला लिहायला लावली, तिला पेन धरवत नव्हतं.

२७ मार्च, शुक्रवार

आजचा दिवस नीट लिहितो.

डॉक्टरांनी पाठ बघितली आणि म्हणाल्या, "हेमा." मला वाटलं, मदतनीस मुलीला हाक मारताहेत. मी दाराकडे बघत बसलो. तर हेमा म्हणजे जेलमधल्या एका द्रव्याच्या लांबलचक नावाचं छोटं रूप. जेल पातळ असतं आणि नखाला धरून बसतं ते याच्यामुळे. इतकं गोड नाव आणि असली करणी. पूर्ण कडक झालं की ते फारसं त्रास देत नाही. कच्चं असताना कातडीला लागत राहिलं तर एखाद्याचं शरीर त्याच्याशी कायमचं वैर धरतं. आणि पातळ हातमोज्यांतूनही ते आत शिरतं. "आता कच्च्या जेलला हात लावायचा नाही," डॉक्टर म्हणाल्या. "यापुढे कधीच. दातात काही भरायचं असेल तर आधी दातांच्या डॉक्टरांना सांगायचं. हे त्याच कुटुंबातलं आहे."

बायकोने मान हलवली. रडली नाही. मला वाटत होतं तिने रडावं.

मग डॉक्टरांनी विचारलं, "दिवा कुठला वापरत होतात?"

बायको चटकन म्हणाली, "कंपनीचाच. विकत घेतलेला."

मी म्हटलं, "अगं, असं काय करतेस? तुझ्या स्वतःच्या नखांना तर माझी पेटी होती ना! दर रविवारी." आणि मी डॉक्टरांना अभिमानाने सांगायला लागलो, निळा उजेड, चकचकीत पत्रा, मखमलीची कड. बायकोने टेबलाखालून माझा पाय दाबला. मी थांबलो नाही. डॉक्टर लिहायच्या थांबल्या होत्या.

त्या फार हळू बोलल्या. प्रत्येक जेलला त्याचा त्याचा उजेड लागतो, नुसता निळा दिसून भागत नाही. तो जुळला नाही तर वरून कडक वाटतं आणि आत कच्चं राहतं. ते कच्चं मग आठवडाभर बोटावर बसून राहतं.

मी बायकोकडे बघितलं. "तुला माहीत होतं?"

"गिऱ्हाइकाचं नख निघालं तेव्हा कळलं, की पेटीत नीट होत नाही," ती म्हणाली. "म्हणून तर दुसरा दिवा आणला. पण हे असं होईल ते कुठे माहीत होतं? वाटलं, चिकट राहील थोडं, राहू दे. तुम्ही इतक्या हौसेने केली होती."

मी जे नेहमी म्हणतो तेच म्हटलं. "पण डॉक्टर, मी जन्मभर हेच सगळं उघड्या हातांनी करतोय. मला काही होत नाही." कप मुठीत धरायची करामतही सांगितली.

डॉक्टर म्हणाल्या, "काका, डोळे मिटा. हात पुढे. मी काडीने टोचते, लागलं की सांगा." मी डोळे मिटले. वाट बघत राहिलो. बाई सुरू कधी करणार? शेवटी म्हटलं, "करा की." कुणी बोलेना. डोळे उघडले तर डॉक्टरांच्या हातात काडी, माझ्या दहाही बोटांच्या टोकांना बारीक लाल ठिपके, आणि बायको पदर तोंडाला लावून रडत होती. स्वतःसाठी नाही रडली, आणि माझ्या बोटांसाठी रडली.

२८ मार्च, शनिवार

मला काही होत नव्हतं असं नाही. मला फक्त कळत नव्हतं.

५ एप्रिल, रविवार

पेटी मोडली. स्क्रू एकेक काढले, पत्रा वेगळा, काच वेगळी. ती म्हणाली, "राहू दे ना, कपाटावर ठेवू." मी म्हटलं, नाही. आयुष्यात मी केलेली सगळ्यात देखणी वस्तू होती. मोडताना हात थांबत होता.

दोन दिवस ती प्रत्येक गिऱ्हाइकाला फोन करत होती. सुरुवातीला ज्यांना पेटी वापरली, त्यांना ते स्वच्छ सांगायचं. बोटं खाजतात का, पापण्या सुजतात का, असेल तर डॉक्टरांना दाखवा. मी म्हटलं, "माझं नाव सांग, पेटी माझी होती." ती म्हणाली, "दुकान माझं आहे." दोघी-तिघींनी फोन आपटला. एकीने बरंच ऐकवलं. बाकीच्यांनी काळजीने तिचीच चौकशी केली. सुदैवाने कुणाला काही झालेलं नाही. प्रत्येक फोननंतर ती मला मान हलवून "नाही" म्हणायची आणि मी श्वास सोडायचो.

कवायतबाई स्वतः आल्या. दहा बोटं माझ्यासमोर धरली. "तपासा! ठीक आहेत? ठीक!" मग बायकोला म्हणाल्या, "जेल नको तर साधा रंग लावा. तोही नको तर नुसती कापून द्या. मी काय नखांसाठी येते होय? दिवसभर मैदानात ओरडून आल्यावर तासभर कुणीतरी आपला हात हातात घेऊन बसतं, त्यासाठी येते." बायकोने तोंड वळवलं आणि नेलकटर शोधायला लागली. ते समोरच होतं.

१९ एप्रिल, रविवार

पाटी बदलली. नखं घासणं, कापणं, तेल लावून हात चोळणं, आणि डॉक्टरांनी तपासून चालेल म्हटलेला साधा रंग. जेलचं नाव नाही. अर्धी गिऱ्हाइकं गेली. बाकीची आहेत. क्लासच्या बाटल्या तिने स्वतः बांधल्या, जाड मोजे घालून, आणि त्या शिकलेल्या नक्ष्या आता कशावर काढणार असं म्हणून जरा वेळ बसून राहिली. मग उठली. चादरींकडे गेली नाही, हे मी लक्ष ठेवून पाहिलं.

माझ्यावरही हुकूम सुटलेत. कारखान्यात जाड मोजे, हवा ओढून घेणारा पंखा, घरी निघण्याआधी हात-तोंड धुऊन शर्ट बदलायचा. माझ्या हातांवरून तो माल घरी येत होता आणि तिच्या भेगांना झोंबत होता. बाजारातला तो हिसडा आता कळला. नसांच्या डॉक्टरांनी मला तपासलं. म्हणाले, तीस वर्षांच्या त्या लिक्विडने टोकांच्या नसा बधिर केल्यात, संवेदना थोडी परत येईल किंवा येणार नाही, वाट बघा. बायकोने विचारलं, "किती वाट बघायची?" ते म्हणाले, ते सांगता येत नाही.

१० मे, रविवार

तिची बोटं भरून आली. नवी कातडी गुलाबी आहे, अगदी माझ्या हिरड्यांचा रंग. मी तसं म्हटलं तर म्हणाली, "शी!"

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. तिने मला पुढच्या खोलीत बोलावलं आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. माझी नखं कापली, घासली, तेल लावलं. "काय राकट करून ठेवलेत हात," म्हणत होती. मला दाब कळत होता, मनगटाजवळ ऊबही कळत होती. टोकांना काही नाही.

मग म्हणाली, "डोळे मिटा. कुठल्या बोटाच्या टोकाला हात लावलाय ते सांगा."

मी मिटले. खूप लक्ष दिलं. अंदाजाने म्हटलं, "मधलं."

"बरोबर!"

"करंगळी?"

"बरोबर!" तिचा आवाज इतका आनंदी मी कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. येतंय म्हणजे! परत येतंय!

"आता तर्जनी."

"अगदी बरोबर."

मला राहवलं नाही. पापणी जराशी उचलून बघितलं. तिचं गुलाबी बोट माझ्या अंगठ्यावर होतं. ती माझ्या हाताकडे बघत नव्हतीच, माझ्या चेहऱ्याकडे बघून हसत होती, आणि तिचे डोळे भरलेले होते.

मी पापणी हळूच मिटली.

"आता?" तिने विचारलं.

"करंगळीशेजारचं," मी म्हटलं. "एकदम स्पष्ट कळतंय."

"बरोबर," ती म्हणाली.